बारा कार्डं, मागून-पुढून

१ डिसेंबर २०२५, सोमवार. पणदरे.

सकाळी साडेआठला सोनमचा फोन आला आणि मी हातातला चहा तसाच धरून अंगणात तीन चकरा मारल्या. बायकोनं, तुळसानं, विचारलं, "कुणाला काय झालं?" कुणाला काही झालेलं नाही. झालं आहे ते चांगलंच. सोनमच्या ‘मोकळी भिंत’वाल्या पोरांनी मला वर्षाचा आढावा लिहायला सांगितला आहे!

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत त्यांनी यंदा दर महिन्याला एक प्रदर्शन भरवलं. चित्रांचं, आणि ज्यांना चित्रं म्हणता येत नाही अशाही गोष्टींचं. अकरा झाली. बारावं अठ्ठावीस तारखेला इंदापूरला आहे, आणि तिथे मी परीक्षक या नात्यानं वर्षभराचं मत वाचून दाखवायचं. "तात्या, मोकळेपणानं लिवा, कुणाची भीड ठिवू नका," असं ती म्हणाली. भीड मी नोकरीत आमदाराच्या वळूचीसुद्धा ठेवली नाही, चित्रकारांची काय ठेवणार.

दूध संघाची ही डायरी अकरा महिने कोरी पडली होती. आजपासून कच्चं लिखाण हिच्यात. आढाव्यात आधी स्वतःची ओळख द्यावी लागेल, ती अशी:

दादासो, वय बासष्ट, निवृत्त पशुधन पर्यवेक्षक. एकतीस वर्षं जनावरांच्या प्रदर्शनांत गुण देण्याचं काम केलं. जानेवारीत या पोरांना पहिल्या प्रदर्शनासाठी परीक्षक हवा होता, पण ज्याचं नाव काढावं तो कुणाच्या तरी भावकीतला निघायचा. तेव्हा सोनमचा चुलता युवराज, म्हणजे आमचा शेजारी, म्हणाला, "दादासोला न्या. त्यानं सख्ख्या मेव्हण्याच्या म्हशीला तिसरा नंबर दिलता." मेव्हणा अजून बोलत नाही, पण माझी नेमणूक त्या म्हशीमुळे झाली.

कार्डाशिवाय मी गुण देत नाही. निवृत्त होताना ऑफिसात जुन्या नमुन्याची बारा कार्डं रद्दीत चालली होती, ती मी घरी आणली होती. पुढच्या बाजूला पाच रकाने: ठेवण, अंगकाठी, चाल, डोळा, स्वभाव. प्रत्येकी वीस गुण. मागच्या बाजूला गायीची छापील आकृती, तिच्यात ओळखचिन्हं काढायची. बारा प्रदर्शनं, बारा कार्डं. दर प्रदर्शनात ज्या कामासमोर माझे पाय थांबतील त्याला एक कार्ड. जनावर काय आणि चित्र काय, आधी पाय थांबावे लागतात.

पंच्याऐंशीच्या वर मी आयुष्यात गुण दिले नाहीत. दिले की जनावर तसंच राहतं आणि मालक माजतो.

२ डिसेंबर

काल एक गोष्ट लिहायची टाळली, ती लिहितो. आढाव्यात ती जाणार नाही.

नोकरीत असताना मला बाजारात दहा पावलं चालता यायचं नाही. "सायब, जरा बघा की, कशी हाय?" असं म्हणून लोक बाह्या धरायचे. चार वर्षांपूर्वी निवृत्त झालो आणि त्या महिन्यापासून कुणी म्हणून विचारलं नाही. जनावरं तीच, डोळे तेच, पण मी नुसता रस्त्यानं चाललेला माणूस झालो. तीन वर्षं मी घरच्या मांजराला गुण देत होतो. मग ही पोरं आली. माझ्या नजरेला अजून किंमत आहे की नाही, याचा निकाल माझ्यापुरता अठ्ठावीस तारखेला लागणार आहे. हे तुळसाला सांगितलं तर ती म्हणेल, लई झालं.

४ डिसेंबर, गुरुवार

दत्तजयंती. तुळसा देवळात, मी आढाव्यात.

जानेवारी. बारामतीला भिगवण रोडवर बंद पडलेलं टाइल्सचं दुकान. पुण्याच्या एका कलाकाराचं चार फूट बाय सहा फुटांचं कापड, पूर्ण पांढरं. लोक समोर उभे राहून मान हलवत होते. मी माझ्या पद्धतीनं चारी बाजूंनी पाहिलं, म्हणजे भिंतीवरून उतरवायला लावलं आणि मागून पाहिलं. इंद्रजित, म्हणजे या पोरांचा म्होरक्या, धावत आला. "तात्या, चित्र पुढनं बघत्यात!" मी म्हणालो, "जनावर मागनंबी बघायचं असतंय. मागं गेल्याशिवाय कळत न्हाय, खरं किती आन् धुतलेलं किती." मागे खिळे वाकडे, कापड सैल. पांढऱ्या चित्रात लपवायला जागाच नसते, तिथेच कलाकारानं आळस केला होता. अठ्ठावन्न गुण.

सगळे इतके हसले की टाळ्या वाजल्या. माझा मुद्दा पटला की माणसं अशी हसतात, हा नोकरीतलाही अनुभव आहे.

तेव्हापासून दोन्ही तालुक्यांतले कलाकार मागचे खिळे सरळ मारायला लागले. ही माझी या वर्षातली पहिली कामगिरी.

फेब्रुवारी. सणसरला उसाच्या फडाशेजारी इंद्रजितनं उसाच्या वाढ्यांची, म्हणजे शेंड्याकडच्या पानांची, वीस फुटी भिंत उभी केली. हिरवीगार. काहीतरी गंभीर नाव होतं, ‘स्मृती’ की ‘विस्मृती’. उद्घाटनाचं भाषण चालू असताना कारखान्याकडे निघालेली बैलगाडी थांबली आणि बैलांनी भिंत खायला सुरुवात केली. कुणी हाकलायच्या आत भिंतीचा एक कोपरा साफ! इंद्रजितच्या डोळ्यांत पाणी. मी शहात्तर दिले. शेऱ्यात लिहिलं: जनावरांनी स्वतः पास केलेलं वर्षातलं एकमेव काम.

८ डिसेंबर, सोमवार

आनंदाची बातमी. माझा एक व्हिडिओ फिरतो आहे!

युवराज दुपारी फोन घेऊन आला. एप्रिलमधल्या प्रदर्शनात मी काठीनं एका पुतळ्याचे पाय दाखवून "मागचं खूर आत वळल्यात" असं सांगतो आहे. खाली हजारो लोकांनी खुणा केल्या आहेत. बहुतेकांनी तो पिवळा चेहरा टाकला आहे, ज्याच्या डोळ्यांतून पाणी येतं. म्हणजे माझं बोलणं लोकांच्या अगदी काळजाला भिडलं. मी युवराजला म्हणालो, "बघ, लोक रडायला लागले."

तो म्हणाला, "व्हय... लई भावलंय लोकास्नी," आणि खोकत खोकत फोन पटकन खिशात घातला. त्याची तब्येत बरी दिसत नव्हती. थंडीत पहाटे धारा काढतो, छातीत कफ होतो.

९ डिसेंबर

मार्च आणि जुलै एकत्र लिहायला हवेत, कारण जनावर एकच आहे.

मार्चला इंदापूरच्या बाजारात एका मोकळ्या गाळ्यात स्वरूपाची चित्रं होती. स्वरूपा इंदापूरचीच, वडील तहसील कचेरीत आहेत, पोरगी कलेचं शिक्षण घेऊन परत आलेली. तिनं आपल्या अकरा आत्या-मावश्या रंगवल्या होत्या. सगळ्या समोर बघून हसणाऱ्या, केस चापून बसवलेल्या. सगळ्यांनी वा वा केलं. मी मागे गेलो. एका चित्राच्या मागच्या कापडावर तिनं ब्रशचे रंग पुसले होते आणि पेन्सिलीनं तीच आत्या काढली होती, कंटाळून पायाची टाच खाजवणारी. बघताना मला माझी मोठी बहीण दिसली, एवढी ती खरी होती. मी बाहेर येऊन म्हणालो, "पोरी, पुढचं बाजाराला न्यायला धुतलेलं जनावर हाय. मागचं गोठ्यातलं हाय. पुढच्याला चव्वेचाळीस."

बाकी सगळे हसले. ती हसली नाही. म्हणाली, "मागच्याला किती?"

"मागचं रिंगणात आणलंच न्हाय तू. आणलं असतंस तर दिलं असतं."

"मग मी फेरतपासणी मागणार."

आणि जुलैत मागितली! सगळी चित्रं तोंड भिंतीकडे करून, आणि अकराही पाठींवर पेन्सिलीनं काढलेल्या बाया. कुणी जांभई देतंय, कुणी चपलेचा अंगठा शिवतंय. एक जण नुसती बसली आहे, आणि ती नुसती का बसली आहे ते विचारायची हिंमत होत नाही. मी तिथे पाऊण तास उभा होतो. एक्क्याऐंशी गुण. वर्षातले सर्वांत जास्त.

वर्षभर माझ्याशी भांडणारी ही एकटीच पोरगी. बाकीचे लगेच मान्य करतात.

१२ डिसेंबर, शुक्रवार

स्वरूपा आज घरी आली. अठ्ठावीस तारखेसाठी माझी अकरा कार्डं हवी आहेत. दप्तरी लावणार असतील. चांगली सवय आहे.

कार्डं चाळता चाळता तिनं पहिलं उलटं केलं. मग दुसरं, तिसरं. म्हणाली, "तात्या, मागचं तुमीच काढलंय?"

मला वाटलं, सरकारी कागदावर रेघोट्या मारल्या म्हणून विचारते आहे. मी खुलासा केला: ती ओळखचिन्हांची जागा आहे. ज्याला गुण दिले त्याच्या अंगावर काय होतं ते गायीच्या आकृतीत काढायचंच असतं. रकाना रिकामा ठेवला तर वरिष्ठ कार्ड परत पाठवायचे.

"पण पांढऱ्या चित्राच्या कार्डावर माशी हाय."

"माशी बसली होती. दिसलं ते काढायचं. न्हाय दिसलं ते काढायचं न्हाय."

तुळसानं केलेलं थालीपीठ तिच्या ताटात गार झालं. जाताना एकदम म्हणाली, "आत्तापतुर अजून कुणाला दावलंय का हे?" मी म्हणालो, मागची बाजू कोण बघतंय. त्यावर ती हसली, पण का ते कळलं नाही. बारावं कार्ड माझ्याकडेच आहे, शेवटच्या प्रदर्शनासाठी.

१४ डिसेंबर

मे. बारामतीचं एक मंगल कार्यालय, लग्न नसलेला दिवस. व्हिडिओ. एक माणूस चाळीस मिनिटं लसूण सोलतो. मला झोप लागली. पण जागा झालो तेव्हाही तो सोलतच होता, आणि त्यानं मला बरं वाटलं. स्वभावाला अठरा: शांत आहे, अंगावर येत नाही. चालीला दोन.

ऑगस्ट. आमच्या पणदऱ्यात, जुन्या गोठ्यात मुंबईच्या बाईंनी शंभर घंटा टांगल्या होत्या. वारा आला की वाजायच्या. छान वाटत होतं. तेवढ्यात मेंढरं घेऊन चाललेला बिरू धनगर आत डोकावला आणि कान टवकारून म्हणाला, "ह्यातल्या दोन माझ्या हायत." बाई म्हणाल्या, मी बाजारातून रीतसर घेतल्यात. बिरू म्हणाला, "घेतल्या असतील. पन माझ्या माझ्यासंगं बोलत्यात." डोळे मिटून त्यानं हात वर केला आणि बरोबर दोन घंटा काढून घेतल्या. बाहेर गळ्यात बांधल्या तर मेंढ्यांनी लगेच माना वर केल्या. प्रदर्शन अठ्ठ्याण्णव घंटांवर पुढे चाललं. बाई रागावल्या होत्या, मी त्यांना समजावलं, "बाई, तुमचं काम ओळखणारा एकच माणूस आज आला, त्याला चहा द्या." बहात्तर.

१६ डिसेंबर, मंगळवार

आता लपवून काय उपयोग. अठ्ठावीस तारखेला माझा सत्कार आहे.

मला कुणी सांगितलेलं नाही, पण एकतीस वर्षं काढली आहेत, तयारीवरून कळतं. इंद्रजित आज आला आणि माझी वेताची काठी, जनावरं मोजायची टेप आणि गुलाबी फेटा मागून घेऊन गेला. माझे फोटो काढले. समोरून, डाव्या अंगानं, उजव्या अंगानं, आणि मागूनही! पोरगं शिकलं म्हणायचं. मग उंची आणि छाती मोजून घेतली. शाल किंवा कोटच असणार. मी विचारलं, "एवढं कशाला रं?" तर लाजला आणि म्हणाला, "सरप्राईज हाय, तात्या. बारावं काम तुमच्यावरच हाय."

माझ्यावर!

तुळसा मात्र भाकरी थापता थापता म्हणाली, "सत्काराला शाल देत्यात. काठी घिऊन जात न्हाईत." बायकांना मानसन्मानातलं कळत नाही.

१९ डिसेंबर

ऑक्टोबर राहिलाच. इंदापूरला दिवाळीच्या तोंडावर एका खोलीत नुसते आरसे. कलाकाराच्या पत्रकात ‘स्व’चा शोध असं लिहिलं होतं. बाजाराला आलेल्या बायकांनी तिथे पदर सारखे केले, टिकल्या नीट लावल्या आणि शोध घेऊन निघून गेल्या. इतकी गर्दी वर्षभरात कुठे नव्हती. मीही फेटा सारखा केला. एकोणसत्तर.

नोव्हेंबर हा तर वर्षाचा तुरा. महामार्गाकडेच्या मोकळ्या प्लॉटवर एक कलाकार सकाळी दहापासून काही न बोलता उभा. सहा तास उभं राहायचं, हेच काम. पोरांनी मला समजावून सांगितलं होतं, पण गावाला कोण सांगणार? अकरा वाजता कुणीतरी सतरंजी टाकली. बारा वाजता "मागणी काय हाय?" अशी चौकशी सुरू झाली. कुणी म्हणालं रस्त्यात जमीन गेली असेल, कुणी म्हणालं बदली अडली असेल. दीड वाजता एक पुढारी पाठिंबा द्यायला आले, भाषण करून गेले. तीन वाजता दुसऱ्या गटाचे आले आणि उपोषण सोडवायचं म्हणून लिंबूपाण्याचा पेला त्याच्या ओठाला लावला. बिचारा पाच तास उन्हात होता. प्यायला! घोषणा झाल्या, फोटो निघाले, मागण्या मान्य झाल्या. कुठल्या, ते त्यालाही माहीत नाही.

सत्तर दिले. पाय भक्कम, उभं राहण्यात खोट नाही. लिंबूपाणी प्यायल्याबद्दल सोनमनं गुण कापायला सांगितलं होतं, पण मी उलट दोन वाढवले. तहान लागली तर पितं ते जनावर निरोगी.

२५ डिसेंबर

आढावा लिहून झाला. नऊ पानं. शेवट असा केला आहे: "या कलेला दूध किती, हे मला अजून कळलेलं नाही. पण वर्षभर मी तिच्यामागे हिंडलो आणि घरी येताना दर वेळी आजूबाजूला जरा जास्त दिसायचं. एवढ्यासाठी तरी ती गोठ्यात असावी."

तुळसाला वाचून दाखवलं. ती नको तितकं लक्ष देऊन ऐकत होती. मग विचारलं, "तुमास्नी ती पोरं खरंच परीक्षक मानत्यात नव्हं?"

मी म्हणालो, "म्हणजे काय!"

"न्हाय, आपलं इचारलं."

२७ डिसेंबर, शनिवार

केस कापले. कोट हवेशीर टाकला. सत्काराला उत्तर म्हणून चार वाक्यं पाठ केली. तुळसानं लेकीच्या लग्नातली पैठणी काढली. आरशासमोर दोघंही फार वेळ होतो, हे कुणाला सांगण्यासारखं नाही.

२८ डिसेंबर, रविवार

आज लिहिणं शक्य नाही. तुळसाचं हसणं थांबत नाही. उद्या.

२९ डिसेंबर, सोमवार

सगळं क्रमानं लिहितो.

इंदापूरच्या बाजारातला तोच गाळा. अकराला पोचलो. बरीच गर्दी, ओळखीचे चेहरे, वर्षभराचे कलाकार. मी आत शिरलो तशी टाळी पडली. मी हात जोडले, आणि जोडलेले हात तसेच राहिले.

मधोमध काचेच्या पेटीत माझी काठी, टेप आणि फेटा. शेजारी माझ्या उंचीचा पुठ्ठ्याचा माणूस, त्यावर माझा फोटो. भिंतीलगत वरच्या बांबूपासून दोऱ्यांनी टांगलेली, काचेत घातलेली माझी अकरा कार्डं, गुणांची बाजू पुढे. लोक वाचत होते आणि हसत होते. "मागचे खूर आत" वाचून एक बाई डोळे पुसत होत्या. ते पिवळे चेहरे मला तेव्हा कळले.

खाली पाटी होती:

"तज्ज्ञ. साहित्य: गुणपत्रिका, काठी, टेप, फेटा, पंचक्रोशीतला एक माणूस. कलाकार: इंद्रजित."

मी ती दोनदा वाचली. सत्कार नव्हता. मी परीक्षकही नव्हतो, कधीच नव्हतो. मी त्यांचं सामान होतो. खोटं कशाला लिहू, फार वाईट वाटलं. बासष्टाव्या वर्षी कोट घालून भर गर्दीत रडू येतं की काय, अशी भीती वाटली.

इंद्रजित हसत पुढे आला. माझा चेहरा बघून हसू गेलं त्याचं. "तात्या, चेष्टा न्हाय बरं का ही."

"हाय," मी म्हणालो.

तो खाली बघायला लागला. "थोडी हाय," तो म्हणाला. एवढं खरं बोलला हे त्याच्या नावावर जमा.

सोनम घाईनं म्हणाली, "तात्या, बारावं कार्ड आणलंय न्हवं? ह्याला गुण द्या की. लोक थांबल्यात." म्हणजे तेही कार्यक्रमातच होतं.

मी कार्ड खिशातून काढलं आणि परत ठेवलं. म्हणालो, "आपल्या गोठ्यातलं जनावर आपण तपासायचं नसतंय. अठ्ठ्याण्णव साली माझी कालवड रिंगणात आली तवा मी कार्ड दुसऱ्याच्या हातात दिऊन भायेर उभा राहिलो. हितं तर मीच बांधलोय. चल गं." आणि दाराकडे निघालो.

तुळसा हलली नाही.

पैठणीचा पदर खोचून ती भिंतीशी गेली. "अवं, थांबा. मागनं बघितलं का?"

"माझंच हाय ते. मी कसा बघू?"

"मग मी बघते की."

इंद्रजित ओरडला, "काकू, काच हाय!" तोवर तिनं पहिल्या कार्डाला एक बोट लावलं होतं. दोरीवरचं कार्ड गर्रकन फिरलं.

मागे गायीची आकृती. आत पांढरं, आणि पाठीवर एक माशी.

लोक जवळ आले. तुळसानं दुसरं फिरवलं. वाढ्यांची हिरवी गाय, आणि मागच्या मांडीचा घास गेलेला. तिसरं फिरवायला कुणीतरी दुसऱ्यानंच हात घातला. मग सगळेच फिरवायला लागले. लसणाच्या पाकळ्यांनी भरलेली गाय. अठ्ठ्याण्णव घंटांची गाय, दोन जागा मोकळ्या. पोटात पदर सारखा करणारी बाई असलेली. पुढ्यात लिंबूपाण्याचा पेला ठेवलेली, चारी पाय रोवून उभी. आणि जुलैची, जिच्या कुशीत स्वरूपाची ती नुसती बसलेली आत्या आहे.

हसणं सुरूच होतं, पण वेगळं होतं. जनावर मनाला आलं की शेतकरी मालकाकडे न बघता जनावराकडे बघून हसतो, ते हे हसू. तेवढं मला ओळखता येतं. पांढऱ्या चित्राचा पुण्याचा कलाकार माशीसमोर वाकून उभा होता. म्हणाला, "ही माशी मला का नाही दिसली?"

इंद्रजित एकेक कार्ड बघत शेवटपर्यंत गेला आणि परत आला. तोंड उतरलेलं. "मी वर्षभर पुढचीच बाजू बघितली," तो म्हणाला.

स्वरूपा कोपऱ्यात हाताची घडी घालून उभी होती. तिनेच दोन्ही बाजूंनी काच घातली होती, तिनेच दोरीवर टांगायचा हट्ट धरला होता. आधी सांगितलं का नाही, असं मी विचारलं. म्हणाली, "तुमी तरी मला मार्चमधी कुठं सगळं सांगितलंत? रिंगणात आणलं की दिसतंयच."

इंद्रजितनं मार्कर घेतला आणि पाटीवरचं सगळं साहित्य खोडलं. मग स्वतःचं नाव खोडलं. वर ‘दादासो’ लिहिलं आणि थांबला. "तात्या, पुढं काय लिवू? निवृत्त...?"

"नुस्तं नाव लिव," तुळसा म्हणाली.

मग मी आढावा वाचला, नऊच्या नऊ पानं. पाठ केलेली चार वाक्यं विसरलो. वाचून झाल्यावर युवराज कानाशी येऊन म्हणाला, "दादासो, त्या व्हिडिओचं..." मी म्हणालो, राहू दे. सणसरच्या एका माणसानं दारातच बाही धरली, "सायब, माझ्या भिंतीवर पोरानं एक कायतरी काढलंय, जरा येऊन बघता का, कसं हाय?" दहा पावलं चालायला मला अर्धा तास लागला.

बारावं कार्ड तुळसानं तिथेच माझ्या खिशातून काढून घेतलं होतं. सोनमचं पेन घेतलं, पाठ करून भिंतीशी उभी राहिली आणि कुणाला बघू दिलं नाही. गाडीत पदराखाली धरून बसली. हसतच होती.

आज सकाळी चहाबरोबर दिलं. सहीपलीकडे तिचं अक्षर मी आजवर फारसं पाहिलेलं नव्हतं. गोल गोल, दाबून लिहिलेलं.

ठेवण अठरा. फेटा काढला तर पंधरा. अंगकाठी सतरा, पोट सुटलंय. चाल एकोणीस, दारातनं माघारी आलं म्हणून. डोळा वीस. स्वभाव बारा, आणि कंसात: हट्टी.

एकूण शहाऐंशी.

मी म्हणालो, "पंच्याऐंशीच्या वर देत नसतात."

"तुमी देत नसता. परीक्षक मी हाय."

"आन् डोळ्याला वीस? एकाही रकान्यात वीस मी कधी दिले न्हाईत."

"म्हणूनच एकदा कुणीतरी द्यायला पायजे होतं," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली. तिचा आवाज जरा बदलला होता.

मग मी कार्ड उलटं केलं. गायीच्या आकृतीला तिनं चष्मा काढला होता आणि डोक्यावर भला मोठा फेटा. एवढा मोठा की शिंगंच दिसत नव्हती.

मी म्हणालो, "शिंगं कुठायत? दिसतं ते सगळं काढायचं असतंय."

"फेट्याखाली हायत," तुळसा म्हणाली. "दुसऱ्या कुणाला दिसत न्हाईत. मला म्हाईत हायत."